पी ००१० : कॅमशाफ्ट अ‍ॅक्च्युएटरच्या परिपथाचे निदान व दुरुस्ती
प्रस्तावना

पेट्रोल इंजिनाच्या झडपा नेमक्या कोणत्या क्षणी उघडाव्यात आणि कोणत्या क्षणी मिटाव्यात, याचे एकच उत्तर सर्व वेगांना लागू पडत नाही, हे इंजिनकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही मोटारीच्या इतिहासातील मोठा काळ त्यांना एका उत्तरावरच भागवावे लागले, कारण झडपा ढकलणारा कॅमशाफ्ट साखळीने किंवा पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला असतो आणि क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे त्याची एक फेरी हे गणित एकदा जुळवून दिले की ते इंजिनाच्या आयुष्यभर तसेच राहते. गाडी सिग्नलला उभी असताना हवा आत घेणारी अंतर्ग्राही झडप आणि धूर बाहेर टाकणारी उत्सर्जक झडप या दोन्ही एकाच वेळी अर्धवट उघड्या राहण्याचा काळ जितका कमी, तितके इंजिन शांत चालते. उलट मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांच्या वेगात आत शिरणाऱ्या हवेला स्वतःचाच एवढा रेटा असतो, की दट्ट्या तळ गाठून वर परतू लागला तरी अंतर्ग्राही झडप उशिरा मिटवणे फायद्याचे ठरते. मधल्या वेगांत आणखी एक सोय हवी असते : जळालेल्या वायूचा थोडा अंश सिलिंडरातच राहू द्यावा, म्हणजे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. या तीन गरजा एका ठरीव कोनात बसत नाहीत.

ही कोंडी उत्पादनातल्या मोटारीत प्रथम इटलीच्या अल्फा रोमिओने १९८० मध्ये आपल्या स्पायडर गाडीत फोडली. पुढे १९८९ मध्ये होंडाची व्हीटेक रचना आली, जिच्यात कमी वेगासाठी एक आणि जास्त वेगासाठी दुसरा असे कॅमचे आकारच बदलले जात. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने व्हॅनोस आणली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर टोयोटाने व्हीव्हीटी-आय या नावाने कॅमशाफ्टचा कोन सलगपणे, म्हणजे हवा तेवढा पुढेमागे सरकवता येईल अशी व्यवस्था बाजारात आणली. आज भारतात विकल्या जाणाऱ्या साध्यासुध्या पेट्रोल मोटारींतही, मारुती सुझुकीच्या के मालिकेतील इंजिनांपासून ह्युंदाईच्या इंजिनांपर्यंत, ही व्यवस्था सरसकट आढळते. कित्येकांत ती अंतर्ग्राही आणि उत्सर्जक अशा दोन्ही कॅमशाफ्टांवर असते. एकेकाळी महागड्या गाडीचे वैशिष्ट्य म्हणून मिरवलेली ही यंत्रणा आता नाक्यावरच्या गॅरेजात उघडली जाते, आणि तिच्या बिघाडाचे निदान कसे करावे हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य विषय त्या प्रश्नाचा एक भाग आहे : यंत्रणा हलवणाऱ्या विद्युत परिपथाचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या सर्किटचा, दोष.

यंत्रणेचे मुख्य भाग दोन. पहिला म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाशी बसवलेला फेझर. याचा बाहेरचा डबा साखळीच्या दातेरी चक्राला जोडलेला असतो आणि आतला पाकळ्यांचा गाभा कॅमशाफ्टला. दोघांच्या मधल्या पोकळ्यांत इंजिनातलेच तेल दाबाखाली सोडले जाते. पाकळीच्या एका बाजूस तेल भरले की कॅमशाफ्ट साखळीच्या तुलनेत पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूस भरले की मागे. सरकण्याची एकूण कक्षा क्रँकशाफ्टच्या मापाने साधारणतः ४० ते ६० अंश असते. तेलाचा दाब नसताना, म्हणजे इंजिन बंद असताना, एक छोटी खीळ गाभ्याला ठरलेल्या जागी अडकवून ठेवते. दुसरा भाग म्हणजे तेल कोणत्या बाजूस जाईल हे ठरवणारा तेल-नियंत्रक व्हॉल्व्ह, ज्याला मेकॅनिक ओसीव्ही किंवा व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात आणि संकेतांकांच्या भाषेत ज्याला कॅमशाफ्ट अ‍ॅक्च्युएटर म्हटले जाते. तो बोटाएवढा असतो : एका टोकाला तांब्याच्या तारेची कॉइल आणि दोन पिनांचा कप्लर, दुसऱ्या टोकाला खाचा पाडलेली सरकती दांडी, आणि त्या दांडीला मागे रेटणारी स्प्रिंग.

इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, अर्थात ईसीएम, या कॉइलला एकसारखा वीजप्रवाह देत नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा प्रवाह चालू आणि बंद करतो, आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह किती टक्के काळ चालू ठेवायचा यावर दांडी कुठे थांबेल हे ठरते. या टक्केवारीस ड्युटी सायकल म्हणतात. ती साधारण निम्म्यावर असली की दांडी मधोमध राहते, दोन्ही वाटा मिटतात आणि कॅमशाफ्ट आहे त्या कोनात धरून ठेवला जातो. वाढली की पुढे, घटली की मागे. कॅमशाफ्ट प्रत्यक्षात किती सरकला याची खबर ईसीएमला कॅमशाफ्टचा सेन्सर देतो. हा सेन्सर आणि अ‍ॅक्च्युएटर पुष्कळ इंजिनांत हेडवर वीतभर अंतरात बसवलेले असतात, दोघांच्या नावात ‘कॅम’ असते, आणि सुट्या भागांच्या दुकानात कॅमचा पार्ट मागितला की बहुधा सेन्सरच हाती पडतो. एक भाग कोन वाचतो आणि दुसरा कोन बदलतो, एवढा फरक ध्यानात न घेतल्यामुळे बदलले गेलेले निर्दोष सेन्सर मोजू गेल्यास मोठा ढीग होईल.

बिघाड झाला की ईसीएम एक संकेतांक नोंदवतो आणि डॅशबोर्डवरचा चेक लाईट लावतो. संकेतांकांची रचना आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरवलेली आहे आणि तिच्यातला भेद समजून घेणे हे निदानाचे पहिले काम आहे. पी ००१० याचा अर्थ पहिल्या बँकेतील ‘ए’ कॅमशाफ्टच्या अ‍ॅक्च्युएटरचा परिपथ दोषी. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग. एक क्रमांकाचा सिलिंडर ज्या रांगेत असतो ती पहिली बँक, त्यामुळे चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाला बँक एकच. ‘ए’ म्हणजे बहुतेक इंजिनांत अंतर्ग्राही कॅमशाफ्ट आणि ‘बी’ म्हणजे उत्सर्जक, म्हणून उत्सर्जक बाजूच्या परिपथाचा संकेतांक पी ००१३; व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बँकेसाठी अनुक्रमे पी ००२० आणि पी ००२३. नियंत्रण-तारेवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, नको तेव्हा कमी राहिला तर पी २०८८ आणि जास्त राहिला तर पी २०८९ असे अधिक नेमके संकेतांकही काही उत्पादक वापरतात. यांच्या शेजारी, अंकांनी अगदी सख्खे वाटणारे, पी ००११ आणि पी ००१२ असतात. त्यांचा अर्थ मात्र वेगळा आहे. कॅमशाफ्ट हुकमापेक्षा जास्त पुढे राहिला किंवा जास्त मागे राहिला, अशी ती तक्रार आहे, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा तेलात सापडते : तेल कमी असणे, चुकीच्या घट्टपणाचे असणे, वेळेवर न बदलल्यामुळे त्याचा गाळ होऊन व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत बसणे, फेझर झिजणे, साखळी लांबणे.

परिपथाचा संकेतांक तेलाविषयी काहीच सांगत नाही. सरकती दांडी गाळाने घट्ट अडकली तरी कॉइलचा विद्युतरोध तसूभरही बदलत नाही आणि ईसीएमला परिपथ शाबूतच दिसतो. याउलट फ्यूज उडाला तर तेल कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. तरीही पी ००१० दिसताच तेल बदलून पाहणे हा रूढ उपाय होऊन बसला आहे. या उपायाने गाडीचे नुकसान होत नाही, हे खरे. पण गाडीवाल्याचे होते, आणि पुन्हा चेक लाईट लागला की संशय नव्या तेलावर जातो. प्रस्तुत पुस्तकाची सारी मांडणी एका आग्रहावर उभी आहे : विजेचा पुरावा आणि तेलाचा पुरावा निरनिराळा गोळा करावा, आणि विजेचा पुरावा पूर्ण झाल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

ईसीएमला हा दोष कसा कळतो, हे पाहिले म्हणजे आग्रहाचे कारण उमगते. सर्वाधिक आढळणाऱ्या रचनेत कॉइलच्या एका पिनेला रिले आणि फ्यूजमधून बॅटरीचा दाब मिळतो आणि दुसरी पिन ईसीएमकडे जाते. ईसीएममधला एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती दुसरी पिन अर्थला जोडतो आणि सोडतो. स्विच सोडलेला असताना कॉइलमधून आलेला बॅटरीचा दाब ईसीएमच्या पिनेवर दिसायला हवा, आणि स्विच लावलेला असताना तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. सोडल्यावरही दाब दिसत नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा अर्थला चिकटली आहे. लावल्यावरही दाब उतरत नसेल तर ती बॅटरीच्या तारेला चिकटली आहे. ईसीएमला एवढेच दिसते. उडालेला फ्यूज, रिलेचा जळका कॉन्टॅक्ट, सैल झालेली पिन, उंदराने कुरतडलेली तार आणि आतून तुटलेली कॉइल, ही पाचही कारणे त्याच्या टोकाकडून हुबेहूब एकसारखी दिसतात, आणि तो पाचांनाही एकच संकेतांक देतो. संकेतांकात व्हॉल्व्हचे नाव असल्यामुळे व्हॉल्व्हच दोषी ठरवणे, म्हणजे घरात अंधार झाला म्हणून दिवा बदलणे होय, मग मीटरच्या खोलीत काही का झालेले असेना. काही उत्पादक दोन्ही तारा ईसीएममधूनच नेतात, काही ठिकाणी ईसीएम अर्थऐवजी बॅटरीकडची बाजू चालू-बंद करतो. म्हणून त्या विशिष्ट इंजिनाचा वायरिंग नकाशा समोर नसताना मोजमापाला हात घालणे म्हणजे कोणता आकडा बरोबर हे ठाऊक नसताना आकडे घेणे.

परिपथाचा दोष नोंदला गेला की ईसीएम कॅमशाफ्टला हुकूम देणे थांबवतो आणि खीळ त्याला मूळ जागी अडकवून ठेवते. गाडी सुरू होते, सिग्नलला नीट उभी राहते, घाट चढताना थोडी आळसते आणि पेट्रोल किंचित जास्त पिते. याहून अधिक काही चालकाला जाणवेलच असे नाही. कॅमशाफ्ट पुढच्या टोकाला अडकून राहण्याच्या तेलाच्या दोषात मात्र इंजिन थरथरते, बंद पडते, आणि मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो. विजेच्या दोषाचा हा सौम्यपणा फसवा आहे, कारण महिनोन्महिने पेटलेल्या दिव्याआड दुसरा, अधिक गंभीर दोष नोंदला गेला तरी दिवा तोच राहतो.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून प्रत्येक नव्या मोटारीत प्रमाणित निदान-व्यवस्था आणि सोळा पिनांचे ठरावीक जोडणीस्थान सक्तीचे झाले. भारतात तिची दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली आणि १ एप्रिल २०२० रोजी आलेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांनी तिच्या अटी आणखी कडक केल्या. परिणामी स्कॅनर स्वस्त झाला आणि सर्वत्र पोहोचला. त्याच्याबरोबर यायला हवी होती ती वीज मोजण्याची सवय मात्र त्या वेगाने पोहोचली नाही. याचे खापर केवळ मेकॅनिकवर फोडणे अन्यायाचे होईल. गाडीवाला सुट्या भागाचे पैसे देतो, बसवण्याची मजुरी देतो. पण दीड तास तारा तपासून ‘एक पिन सैल होती’ असे सांगणाऱ्याला तो तेवढ्याच आनंदाने पैसे देत नाही. निदानाला बिलात जागा नसेल तर ते भागाच्या किमतीत दडवले जाणार आणि भाग बदलल्याखेरीज निदान होणार नाही, हे उघड आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्या तरुणाला ओमचा नियम पाठ असतो. तो नियम बॉनेटखाली कुठे लावायचा, हे त्याला दाखवणारे मराठी लेखन फारच तुटपुंजे आहे.

निदानाचा क्रम स्कॅनरपासून सुरू होतो, पण स्कॅनरवरची पहिली कळ ‘इरेझ’ची नसावी. संकेतांक नोंदवताना ईसीएम त्या क्षणाची परिस्थितीही गोठवून ठेवतो : इंजिनाचे तापमान, फेऱ्या, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार. यास फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष सकाळी थंड इंजिन सुरू करताच आला की तासभर चालून इंजिन ९५ अंशांवर पोहोचल्यावर आला, या एका नोंदीवरून पुढच्या तपासाची दिशा ठरते. थंडीत आलेला दोष तारांकडे आणि पाण्याकडे बोट दाखवतो, तापल्यावर येणारा दोष बऱ्याचदा कॉइलकडे. संकेतांक पुसला की ही नोंदही पुसली जाते. पुष्कळ ठिकाणी गाडी आत येताच आधी संकेतांक पुसून ‘परत येतो का पाहू’ म्हटले जाते. परत येतोच, फक्त मधल्या काळात हातचा पुरावा गेलेला असतो.

त्यानंतर डोळ्यांचे काम. अ‍ॅक्च्युएटरचा कप्लर काढून उजेडात धरावा. पिनांवर हिरवट थर असेल तर पाणी शिरले आहे. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात, आणि त्याहून अधिक सर्व्हिसिंगच्या वेळी दाबाच्या फवाऱ्याने इंजिन धुण्याच्या हौसेमुळे, हे नित्याचे आहे. कप्लरात तेल दिसले तर व्हॉल्व्हच्या आतले सील गळते आहे. मर्सिडीजच्या काही पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्ट अ‍ॅक्च्युएटरच्या चुंबकांतून निघालेले तेल तारांच्या बारीक तंतूंमधून केशाकर्षणाने चढत थेट ईसीएमच्या कप्लरपर्यंत गेल्याची उदाहरणे सर्वपरिचित आहेत, आणि ते वाटेतच अडावे म्हणून मध्ये बसवायचा छोटा जोड-वायरिंगचा तुकडाही मिळतो. नुसते पुसून अशा कप्लरचे काम भागत नाही, कारण तेल तारेच्या पोटात असते. पिनेचा मादी भाग सैलावला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्याच मापाची सुटी नर पिन घालून ती किती घट्ट बसते हे बोटाला जाणवून घ्यावे लागते. उभ्या गाड्यांच्या बॉनेटखाली उंदरांचा वावर असेल तर वायरिंगची गुंडाळी हेडच्या मागच्या बाजूने, जिथे सहसा कोणी पाहत नाही तिथे, हाताने चाचपावी.

मग मोजमाप. कप्लर काढून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला विद्युतरोध मोजला तर अनेक गाड्यांत तो २० अंश तापमानाला ७ ते १२ ओमच्या दरम्यान सापडतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. येथे तापमान हा शब्द गाळला की आकडा निरर्थक होतो. तांब्याचा विद्युतरोध प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून थंड असताना ७.५ ओम दाखवणारी निरोगी कॉइल १०० अंशांना जवळपास ९.९ ओम दाखवते; गरम इंजिनावर हा आकडा पाहून कॉइल बाद ठरवणे चूक, आणि तापल्यावरच तुटणारी कॉइल थंड असताना मोजून तिला पास करणे ही त्याहून मोठी चूक. संशय असेल तर व्हॉल्व्ह बाहेर काढून गरम तेलात धरून मोजता येतो.

तारांच्या तपासात सर्वांत जास्त फसवणारे साधन म्हणजे मल्टीमीटरचा बझर. तार शाबूत आहे का हे पाहण्यासाठी तो फार क्षुल्लक प्रवाह सोडतो आणि कित्येक मीटरांत विद्युतरोध तीस ओम असला तरी वाजतो. ७.५ ओमच्या कॉइलला १२ व्होल्टवर सुमारे १.६ अँपिअर प्रवाह लागतो; वाटेत तीस ओमचा गंज बसला तर तो ०.३ अँपिअरवर येतो, आणि दांडी जागची हलत नाही. बझर मात्र आनंदाने वाजत राहतो. म्हणून तार भार देऊन तपासावी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही : इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ व्हॉल्व्हइतकाच. व्हॉल्व्हच्या कप्लरमधल्या पुरवठ्याच्या पिनेला बल्बचे एक टोक आणि बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरे जोडून बल्ब पूर्ण तेजाने पेटला, आणि त्याच वेळी बॅटरीच्या धन टोकापासून त्या पिनेपर्यंत दाबाची घट अर्ध्या व्होल्टहून कमी राहिली, तर फ्यूज, रिले आणि पुरवठ्याची तार एका फटक्यात निर्दोष ठरतात. नियंत्रणाची तार याच रीतीने तपासावी, पण ईसीएमच्या बाजूचा कप्लर काढून. थंड बल्ब पेटताना क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या दहापट प्रवाह ओढतो, आणि तो ईसीएमच्या स्विचवर लादणे धोक्याचे आहे.

चालू-बंद होणारा हुकूम साध्या मल्टीमीटरवर सरासरी म्हणून दिसतो. निम्मी ड्युटी सायकल असेल तर नियंत्रण-पिनेवर सहा-सात व्होल्टचा आकडा येतो आणि अननुभवी माणूस ‘दाब कमी आहे’ असे म्हणून मोकळा होतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तोच हुकूम चौकोनी लाटांच्या रूपात स्पष्ट दिसतो, आणि प्रवाहाचा चिमटा लावला तर प्रत्येक लाटेबरोबर प्रवाह वक्राकार चढताना दिसतो. हा वक्र मधूनच तुटला तर गाडी चालवून दोषाची वाट पाहण्याची गरज राहत नाही. वायरिंग हलवत पडद्याकडे पाहत राहावे, जागा आपोआप सापडते.

साधनेच नसतील तर एक बिनखर्ची युक्ती उरते. अंतर्ग्राही आणि उत्सर्जक बाजूचे व्हॉल्व्ह एकाच पार्ट क्रमांकाचे असतील तर त्यांची अदलाबदल करावी. संकेतांक पी ००१० वरून पी ००१३ वर सरकला तर दोष व्हॉल्व्हबरोबर हलला; पी ००१० जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष, दोष वायरिंगमध्ये किंवा पलीकडे. पार्ट क्रमांक न पाहता हे करू नये, कारण कित्येक इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्ह दिसायला सारखे पण आतल्या खाचांनी वेगळे असतात. काही इंजिनांत तर सरकती दांडी फेझरच्या मधल्या बोल्टातच असते आणि चुंबक तेवढा पुढच्या झाकणावर वेगळा बसतो. तिथे चुंबक बदलला म्हणजे व्हॉल्व्ह बदलला असे समजू नये. लेक्ससच्या २००६ मध्ये आलेल्या एलएस ४६० पासून वापरात आलेल्या, तेलाऐवजी विद्युत मोटरने अंतर्ग्राही कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या रचनेचा परिपथ मुळातच निराळा असल्यामुळे ती या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

दुरुस्तीचा भाग निदानापेक्षा सोपा, पण घाईने बिघडणारा. तुटलेल्या तारेची टोके पिळून वर काळी टेप गुंडाळणे ही इंजिनाजवळ दुरुस्ती ठरत नाही. उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, कंपनाने पीळ सुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच संकेतांक परततो. तार त्याच जाडीची घ्यावी, जोड दाबून घट्ट करणारी क्रिंप नळी आणि वरून आतल्या बाजूस गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी वापरावी, शेजारच्या दोन तारांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, आणि गुंडाळी मूळ क्लिपांत परत बसवावी, म्हणजे ती तापत्या सायलेन्सरच्या बाजूला लोंबणार नाही. नवा व्हॉल्व्ह बसवताना ओ-रिंगला तेल लावावे; बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचा असून त्याला ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात त्याहून जास्त जोर लावला की आटे जातात, आणि चारशे-पाचशेच्या कामाचे हेड उतरवण्याचे काम होते.

ईसीएमवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, आणि तोही व्हॉल्व्ह, पुरवठा आणि नियंत्रणाची तार या तिन्ही गोष्टी आकड्यांनिशी निर्दोष ठरल्यावरच. तो क्वचित बिघडतो. बिघडला तर त्याचे कारण बहुतेक वेळा शॉर्ट झालेली कॉइल किंवा चिकटलेली तार असते, आणि ते कारण दूर न करता नवा ईसीएम लावला तर तोही त्याच वाटेने जातो. शिवाय आजच्या गाड्यांत ईसीएम किल्लीच्या इमोबिलायझरशी बांधलेला असल्यामुळे दुसऱ्या गाडीचा उतरवून लावलेला जुना ईसीएम नव्याने जुळवून घेतल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ देत नाही.

दुरुस्ती पुरी झाल्यावर संकेतांक पुसावा आणि फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या तापमानाला, फेऱ्यांना आणि भाराला गाडी पुन्हा नेऊन स्कॅनरवर कॅमशाफ्टचा हुकमातला कोन आणि प्रत्यक्षातला कोन शेजारी शेजारी पाहावेत. दोन्ही आकडे अंश-दोन अंशांच्या फरकाने एकमेकांच्या मागोमाग हलत असतील तर काम झाले. परिपथ निर्दोष असूनही प्रत्यक्ष कोन हुकमाच्या मागे रेंगाळत असेल, किंवा हुकूम बदलल्यावर जागचा हलतच नसेल, तर विजेचा तपास येथे संपतो आणि तेलाची जाळी, फेझर व साखळी यांचा सुरू होतो. त्याची पद्धत पुस्तकाच्या दुसऱ्या भागात दिली आहे.